पटण्यासारखी चूक

जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मी माझंच वाक्य वाचलं. टाचणीने तिचा फोन माझ्यापुढे सरकवला होता. टाचणी म्हणजे शेजारच्या खुर्चीवरची मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून आमच्या मदतकक्षात सगळे तिला टाचणीच म्हणतात आणि ती ओ देते. आम्ही दोघी दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना विचारतो, बंद करून पुन्हा चालू केलंत का, आणि लोक दिवसभर खोटं सांगतात, हो, केलं. ऑफिसने जाहीर केलंय की मदतकक्षातल्या ज्यांना नेटवर्क विभागात जायचं असेल त्यांनी रूटिंग-स्विचिंगची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी. म्हणून टाचणी सराव प्रश्न सोडवते. मीही सोडवते, माझं कारण वेगळं आहे. "हा बघा ना," ती म्हणाली, "ह्यात मी दोनदा पडले." प्रश्न अगदी पहिल्या धड्यातला होता. स्विच म्हणजे ऑफिसातले संगणक तारांनी एकमेकांना जोडणारं यंत्र; त्याच्याकडे एक फ्रेम आली, म्हणजे माहितीचा एक तुकडा आला. तो ज्या पत्त्यावर जायचा तो पत्ता स्विचच्या तक्त्यात नाही. स्विच काय करेल? अ, फ्रेम टाकून देईल. ब, ओळख पटेपर्यंत फ्रेम दाराशी थांबवून ठेवेल. क, जिथून आली ते पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टमधून पाठवून देईल. ड, राउटरला विचारेल. उत्तर क आहे, हे आता मला झोपेतही सांगता येईल. पण मी ब पाशीच थांबले होते.

स्विचला दार नसतं. तार खोचायला पोर्ट असतं, तक्ता असतो, पत्ता असतो. दाराचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. ओळख पटेपर्यंत दाराशी, हे शब्द स्विचबद्दल जगात एकाच बाईने वापरले आहेत आणि ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसली होती.  मला आधी थंड वाटलं आणि मग हसू आलं. मला तो प्रश्न नवऱ्याने जेवणं झाल्यावर टेबलाशी विचारला होता. मी म्हटलं होतं, थांबवून ठेवत असेल, ओळख पटेपर्यंत दाराशी. तो म्हणाला होता, "असं का वाटलं तुला?" आणि मी त्याला मामाची गोष्ट सांगितली होती. मी लहान असताना आई मला घरात एकटी ठेवून कामावर जायची आणि बजावून जायची, ओळखीचं नसेल तर आत घ्यायचं नाही. एका दुपारी एक माणूस आला, हातात पिशवी, म्हणाला, मी तुझा मामा. मामाने मला पाहिलं होतं ते मी तान्ही असताना. मी दार लावून घेतलं आणि आतून म्हणाले, आई येईपर्यंत थांबा. आई आली तेव्हा तो पायरीवर बसून होता, उन्हाने लाल झालेला, आणि हसत होता. त्यानंतर तो आमच्याकडे कधी आला नाही. कामधंद्यामुळे आला नसेल. पण मला आयुष्यभर वाटत आलंय की माझ्यामुळेच आला नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. त्या रात्री नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं. त्याची बोटं लॅपटॉपच्या कळांवर थांबली होती, तो माझ्याकडे बघत होता, आणि गोष्ट संपल्यावर त्याने सावकाश मान हलवली. मी समजले, मामासाठी हलवली.

माझा नवरा सराव प्रश्न तयार करतो. पूर्वी तो नेटवर्कमध्येच होता, मोठ्या खोलीत, थंड हवेत, कपाटाएवढ्या यंत्रांच्या मधे. मग त्या कंपनीने ती खोलीच गुंडाळली आणि तो घरी बसून परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या एका संस्थेसाठी प्रश्न लिहायला लागला. लोकांना वाटतं प्रश्न लिहिणं अवघड असेल. तो म्हणतो, प्रश्न कुणीही लिहील, बरोबर उत्तर तर पुस्तकात छापलेलंच असतं; घाम निघतो तो तीन चुकीच्या उत्तरांना. जे कुणीच निवडत नाही त्याला तो मेलेला पर्याय म्हणतो. संस्थेच्या पानावर दिसतं, कुठल्या पर्यायाला किती जण फसले. आकडा शून्याजवळ आला की पर्याय बदलून मागतात. चुकीचं उत्तर असं हवं की अर्धवट कळलेल्या माणसाला ते मनापासून पटलं पाहिजे, खरं उत्तर बाजूला ठेवून त्याने त्याच्याकडे धावत गेलं पाहिजे. हे सगळं त्याने मला स्वतःच सांगितलं होतं, कधीतरी भाजी निवडताना, आणि मी हसून म्हटलं होतं, म्हणजे तू चोरांसाठी सापळे न लावता भल्या माणसांसाठी लावतोस. त्याला ते आवडलं होतं. सगळं माझ्यासमोर मांडून ठेवलेलं होतं, फक्त मी तिकडे बघितलं नाही.

लेक शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि आमचं घर एकदम ओसाड झालं. भांडण नव्हतं. भांडायला काहीतरी लागतं. आम्ही दोघं जेवायचो, तो म्हणायचा मीठ बरोबर झालंय, मी म्हणायचे हं, आणि चमच्यांचा आवाज ऐकू यायचा. लेक असताना आम्ही दोघं तिच्याशी बोलायचो आणि मला वाटायचं आपण एकमेकांशीच बोलतोय. ती गेल्यावर कळलं की मधलं माणूस उठून गेलंय आणि दोन टोकांना दोघं तोंड उघडून बसलेत. तिचा फोन आला की दोघंही धावायचो. फोन संपला की पुन्हा आपापल्या खोलीत. एका संध्याकाळी तो ताट ठेवून आला आणि म्हणाला, "एक विचारू?" मला वाटलं त्याच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी निघालंय. माझे हात ओले होते, ते पुसायचंही मला सुचलं नाही. तो म्हणाला, "समज, एका ठिकाणी जायला दोन रस्ते आहेत आणि राउटरला दोन्ही माहीत आहेत. तो कुठला घेईल?" मला राउटर म्हणजे घरातला तो दिवे लुकलुकणारा डबा एवढंच माहीत होतं. मी म्हटलं, सवयीचा असेल तो. "असं का वाटलं तुला?" तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मला काय वाटतं हे घरात सगळ्यांनी विचारलं होतं, पडद्याच्या रंगाबद्दल, लेकीच्या कॉलेजबद्दल, सासूबाईंच्या औषधांबद्दल. पण असं का वाटलं, हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोलायला लागले की माझं मलाच नवल वाटायचं, हे सगळं आत कुठे होतं. सवयीच्या रस्त्यावरून मी त्याला आमची जुनी शाळा सांगितली, जवळचा रस्ता सापडल्यावरही मी वर्षभर लांबच्याच रस्त्याने जायचे ते सांगितलं. दोन स्विचमधे दोन तारा जोडल्या तर काय होईल, त्याने विचारलं. मी म्हटलं, दोघी काम वाटून घेतील. मग मी स्वतःच हसले, कारण आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर नेटवर्कच्या माणसाने मला एकदा तसा स्विच दाखवला होता. सगळे दिवे हिरवे आणि एक नारिंगी. मी विचारलं होतं, हा बिघडलाय का? तो म्हणाला होता, नाही हो, त्याला मुद्दाम गप्प बसवलंय, दोन्ही तारा चालू ठेवल्या तर निरोप गोल गोल फिरत राहील आणि सगळं बंद पडेल; ती दुसरी तार तुटली की हा बोलायला लागेल. हे मला माहीत होतं आणि तरी त्या संध्याकाळी उत्तर देताना आठवलं नाही; काम वाटून घेतील असंच तोंडात आलं. मला वाटतं मी त्या टेबलाशी बसलेल्या आम्हा दोघांबद्दल बोलत होते. दिवसभर मी फोनवर लोकांची ओरड ऐकायचे आणि मनात म्हणायचे, आज काय विचारेल. मैत्रिणी म्हणायच्या, चेहरा उजळलाय, काही घेतेस का?

आणि मग मी अभ्यास करायला बसले. ऑफिसची परीक्षा हे निमित्त. मला त्याला बरोबर उत्तर द्यायचं होतं. इतकं प्रेमाने विचारतोय, इतकं निवांत ऐकून घेतोय आणि आपण आपलं दर वेळी काहीतरी बरळतोय, ह्याची मला लाज वाटायला लागली होती. मी बसमधे वाचायचे, स्वयंपाक करताना मनात पत्त्यांच्या आकड्यांचे हिशेब करायचे. पहिलं बरोबर उत्तर दिलं तो दिवस मला नीट आठवतो. राउटरला दोन रस्ते माहीत असतील तर जो पत्त्याशी जास्त नेमका जुळेल तो घेईल, मी म्हटलं, लांबचा असो की जवळचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "बरोबर." आणि पडद्याकडे वळला. मला वाटलं त्याचं डोकं दुखतंय. पुढच्या वेळी मी उत्तर दिलं आणि कारणही दिलं, त्याने विचारायच्या आधीच. तो म्हणाला, "बरं." मग दोन दिवस काहीच विचारलं नाही. मग एक विचारलं, मी बरोबर सांगितलं, तो उठून पाणी प्यायला गेला. मी आणखी अभ्यास केला. वाटलं, उत्तरं अजून पक्की नसतील. तहान लागली म्हणून मी मीठ खात होते आणि जास्त तहान लागली की जास्त मीठ घेत होते.

"कोण बनवतं हो हे?" टाचणी म्हणत होती. "मेला डोक्यात बसून बनवतो. मला अगदी असंच वाटतं, शब्दन् शब्द. तुम्ही नाही पडलात?" मी म्हटलं, पडले होते, सगळ्यात आधी. तिला ते विनोदी वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. मी तिचा फोन मागून घेतला आणि पुढचे प्रश्न बघितले. ते सगळे तिथे होते. सवयीचा असेल तो रस्ता. दोघी काम वाटून घेतील. दोघी असंच; तारांना दोन्ही म्हणतात, तेवढंही त्याने बदललं नव्हतं. प्रत्येक वाक्याला एकेक संध्याकाळ होती, कुठल्या दिवशी त्याने खुर्ची ओढली, कुठल्या दिवशी मी बोलता बोलता दूध उतू घालवलं. मी बोटाने स्पर्श केला की ते वाक्य लाल व्हायचं आणि खाली यायचं: हा पर्याय चूक आहे. बरोबर उत्तराखाली कारण दिलेलं होतं. चुकीच्या उत्तराला कारण देत नाहीत. डबा मी तसाच परत पिशवीत ठेवला.

दुपारी फोन घेत होते, पण माझं चित्त नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या खात्याचा पासवर्ड बायकोला माहीत असायचा, बायको गेली, तिने तो कशावरून ठेवला असेल ह्याचा ते विचार करत होते आणि मला मोठ्याने सांगत होते, तिच्या माहेरचं गाव घालून बघितलं, कुत्र्याचं नाव घातलं, लग्नाची तारीख घातली, एवढ्याने त्या खात्यालाच कुलूप लागलं. मधेच थांबून म्हणाले, "ऐकताय ना बाई?" मी म्हटलं, ऐकतेय, बोला. माझ्या बोटांनी तोवर पडद्यावर लिहून टाकलं होतं, पासवर्ड विसरले, नवीन देणे. त्यांचं बोलणं अजून चालू होतं आणि माझ्या दृष्टीने ती तक्रार मिटली होती. मी किती वर्षं हे करतेय. माणसं आपलं सगळं घर घेऊन फोनवर येतात आणि मी त्यातले तीन शब्द काढून घेते आणि उरलेलं जाऊ देते. मी कुणावर रागवायचं? रागवता आलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. मी त्यांना नवीन पासवर्ड दिला. ते म्हणाले, पण मला तिचाच हवा होता. मी म्हटलं, तो आता काढता येत नाही.

घरी आले तेव्हा तो टेबलाशीच होता, चष्मा कपाळावर, सकाळचाच कप शेजारी. किती साधा माणूस आहे हा. नाकासमोर चालणारा, कुणाला दुखवायचं मनात आणायलाही ह्याला वेळ लागेल. जेवायला बसल्यावर मी विचारलं, "तो दाराशीवाला पर्याय तुझा ना?"

"कुठला?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा खुलला. "हां, तो. जोरात चाललाय तो. तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या टाचणीने. दोनदा पडली त्यात."

"पडणारच. शंभरातले चाळीस जण तिथेच जातात. वरून निरोप आला, असेच अजून पाठवा म्हणून." त्याने पोळीचा तुकडा मोडला. "तुझंच आहे ते. सांगितलं नव्हतं का मी तुला?"

"नाही."

"मग राहून गेलं असेल. मला नाही सुचत गं तसं. मला उत्तर माहीत असतं, तिथेच घोळ होतो. एकदा कळलं की कळायच्या आधी काय वाटत होतं ते काही केल्या आठवत नाही. तुला बरोबर सुचायचं."

सुचायचं. माझा घास तोंडात फिरत राहिला. "म्हणजे आता नाही सुचत?"

"आता काय, आता तू हुशार झालीस. आता तुझा काय उपयोग?" तो म्हणाला आणि हसला. ती थट्टाच होती. मीही हसले, अशा वेळी हसलं नाही तर थट्टेचं काहीतरी भलतंच होऊन बसतं. मग मी म्हटलं, "तुला मामाचं आठवतं?"

"कुठला मामा?"

"माझा. मी सांगितलं होतं. दाराशी."

तो खरोखर आठवायला लागला. कपाळाला आठ्या पाडून, मनापासून, मला बरं वाटावं म्हणून. मला त्याची कीव आली. हा लबाड असता, त्याने काही लपवलं असतं, तर मी ताट सरकवून उठले असते, आदळआपट केली असती, लेकीला फोन लावून रडले असते. पण त्याने काही लपवलंच नव्हतं. त्याला एक शब्द हवा होता, तो त्याने घेतला, आणि बाकीचं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. "तुझ्या आईच्या आजारपणात आले होते ते?" तो शेवटी म्हणाला. मी म्हटलं, हो, तेच. मामा तेव्हा आला नव्हता.

ताटं उचलली. मी भांडी घासली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. आता तो प्रश्न लिहीत बसतो त्या खोलीत जायचं कशाला, हे मला कळेना. बाहेर जाऊन बसले असते तर त्याने विचारलं असतं, झोप येतेय का, आणि आम्ही दोघं झोपायला गेलो असतो, आणि उद्या मीठ बरोबर झालं असतं, परवाही. परीक्षा मी पास होईन. नेटवर्क विभागात मला खुर्ची मिळेल, तिथे फोन वाजत नाहीत. तो म्हणेल, शाब्बास. त्याला मनापासून आनंद होईल आणि त्यानंतर त्याच्याकडे मला विचारण्यासारखं काही उरणार नाही. मला त्याचं ऐकणं हवं होतं. आता कळलं होतं की ते ऐकणं नव्हतंच, तरी मला तेच हवं होतं. ह्याची मला जी घृणा वाटली ती कशी सांगू; स्वतःच्या तोंडाची चव सहन होऊ नये तशी वाटली. हात पुसले आणि खोलीत गेले.

तो पडद्याकडे बघत हनुवटी चोळत होता. मी आल्याचं पाहून म्हणाला, "राउटरकडे एक पॅकेट आलं. त्याच्या पत्त्याकडे जाणारा रस्ता तक्त्यात नाही. काहीच नाही मिळालं तर इकडे पाठव, असा जो शेवटचा रस्ता सांगून ठेवतात, तोही कुणी सांगितलेला नाही." मग त्याने हात झटकला. "जाऊ दे. तुला येत असेल हे."

मला येत होतं. राउटर ते पॅकेट टाकून देतो. पाठवणाऱ्याला कळवतो की पोचू शकलं नाही, आणि विसरून जातो. इतकं सोपं उत्तर आहे की त्याला जोडीला पटण्यासारखी चूक सापडणं कठीण जात असणार. हनुवटी लाल झाली होती त्याची.

"नाही येत," मी म्हटलं. "थांब, विचार करू दे."

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मी खुर्ची ओढून बसले. पूर्वी मला उत्तर सुचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ मी जाऊ दिला. काय म्हटलं तर टाचणी पडेल, ह्याचा मी विचार करत होते. मेलेला पर्याय देऊन चालणार नव्हतं.

"मला वाटतं, ज्याने पाठवलंय त्याच्याचकडे तो ते परत पाठवत असेल," मी म्हणाले. "जसंच्या तसं. न उघडता."

त्याचा हात कळांकडे गेला आणि थांबला. तो माझ्याकडे वळला, पूर्ण वळला, गुडघ्यांसकट. किती दिवसांनी मी त्याचे डोळे इतके जवळून पाहिले. "असं का वाटलं तुला?"

"माझी एक मावशी होती," मी म्हणाले.

मला मावशी नाही. आईला बहीणच नव्हती. हे त्याला माहीत आहे, निदान लग्नानंतरची काही वर्षं तरी होतं. मी जरा थांबले, त्याला आठवायला वेळ मिळावा म्हणून.

"काय केलं मावशीने?" तो म्हणाला.